वंशसंहार कशाला म्हणायचं?

मतदानाच्या आदल्या रात्रीला आपल्याकडे सर्रास ‘कत्तल की रात’ म्हणतात. त्या रात्री पाकिटं वाटली जातात, कार्यकर्ते फोडले जातात. कत्तल कुणाचीच होत नाही. फलंदाजानं गोलंदाजांची कत्तल केली, विरोधकांचा धुव्वा उडाला, बाजारात गुंतवणूकदारांचं शिरकाण झालं, असल्या बातम्या आपण चहा पिता पिता वाचतो आणि पान उलटतो. बांधावरच्या भांडणात ‘तळपट होवो’, ‘निर्वंश होवो’ म्हणत बोटं मोडली जातात. विनाशाच्या शब्दांना मराठीत तोटा नाही आणि ते वापरताना आपण हात आखडता घेत नाही.

त्याला माझी हरकत नाही. अतिशयोक्ती काढून टाकली तर भाषा अळणी होईल. पण या गर्दीत एक शब्द असा आहे की त्याला कायद्यानं व्याख्या दिली आहे, त्याच्यावर न्यायालयं वर्षानुवर्षं खल करतात आणि तो तोंडातून निघू नये म्हणून सरकारांचे प्रवक्ते शब्दांच्या कसरती करतात. तो शब्द म्हणजे वंशसंहार, मूळचा ‘जेनोसाइड’. मराठी वर्तमानपत्रांत त्याच्या जागी कधी नरसंहार, कधी जनसंहार, कधी वंशविच्छेद असा हाताशी येईल तो शब्द टाकला जातो. मग वाचकाचा असा समज होतो, की मेलेल्यांचा आकडा फुगत गेला की हत्याकांडाचा नरसंहार होतो आणि आणखी फुगला की वंशसंहार. ही बढतीची शिडी मुळातच चुकीची आहे.

आपली नेहमीची भाषा इथे आपल्याला वाटतं त्यापेक्षा शहाणी आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला जे घडलं त्याला आपण जालियनवाला बाग हत्याकांड म्हणतो. सरकारी आकडा ३७९ मृतांचा होता, खरा त्याहून बराच मोठा असावा असं मानलं जातं. २००६ साली भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका दलित कुटुंबातली चार माणसं मारली गेली. त्यालाही आपण हत्याकांडच म्हणतो. तीनशे आणि चार यांना एकच शब्द लावताना कुणी अडखळलं नाही. निःशस्त्र, कोंडीत सापडलेली माणसं आणि त्यांना ठार मारणारा जमाव किंवा फौज, एवढं चित्र ‘हत्याकांड’ या शब्दात पुरतं उभं राहतं. नरसंहार हा त्याचाच भारदस्त भाऊ, हिंदी बातम्यांमधून मराठीत अधिक रुळलेला. वंशसंहार मात्र या घरातला नाही. त्याचं कुळ वेगळं आहे, आणि त्याचा जन्मदाताही ठाऊक आहे.

राफाएल लेम्किन १९०० साली एका ज्यू शेतकरी कुटुंबात जन्मला. ते गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, मग पोलंडमध्ये गेलं, आज बेलारूसमध्ये आहे. कायदा शिकायला तो ल्वूफ विद्यापीठात गेला. ते शहर आज युक्रेनमध्ये ल्वीव म्हणून ओळखलं जातं. त्याच सुमारास, १५ मार्च १९२१ रोजी, बर्लिनमधल्या हार्डेनबर्ग रस्त्यावर भर दिवसा सोगोमोन तेहलिरियन नावाच्या आर्मेनियन तरुणानं एका माणसाच्या डोक्यात गोळी घातली. मेलेला माणूस होता तलात पाशा, ऑटोमन तुर्कस्तानचा माजी गृहमंत्री. १९१५पासून आर्मेनियन लोकांना घरादारांतून हुसकून, वाळवंटाकडे चालवत नेऊन लाखोंच्या संख्येनं मारण्यात आलं, त्याचा हा मुख्य सूत्रधार. जूनमध्ये खटला चालला आणि दोन दिवसांत ज्यूरीनं तेहलिरियनला निर्दोष सोडलं. तो एकटा नव्हता, बदल्यासाठी आखलेल्या एका कटाचा भाग होता, हे पुढे उघड झालं.

लेम्किननं आत्मचरित्रात या खटल्यावरून आपल्या प्राध्यापकाशी झालेला वाद नोंदवून ठेवला आहे. त्याचा प्रश्न साधा होता: एका माणसाला मारलं तर खटला होतो, मग दहा लाख माणसं मारणाऱ्या तलातवर कुणी खटला का भरला नाही? प्राध्यापक म्हणाले, समज, एखाद्या शेतकऱ्याच्या कोंबड्या आहेत. त्यानं त्या मारल्या तर तू कोण विचारणारा? तू मध्ये पडलास तर ते अतिक्रमण ठरेल. कोंबड्या म्हणजे प्रजा आणि शेतकरी म्हणजे सार्वभौम राज्य. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचं इतकं नेमकं सार क्वचितच कुणी सांगितलं असेल. प्राध्यापक दुष्ट नव्हते. पुस्तकात होतं तेच सांगत होते.

लेम्किन पुढे वॉर्सामध्ये सरकारी वकील झाला. १९३३ साली माद्रिदच्या एका कायदेविषयक परिषदेसाठी त्यानं निबंध लिहून दोन नवे गुन्हे सुचवले. गटाचा जीव घेणं हा पहिला, त्याला त्यानं ‘रानटीपणा’ म्हटलं. गटाची संस्कृती, ग्रंथ, कला नष्ट करणं हा दुसरा, त्याला ‘विध्वंसकता’. पोलंडच्या सरकारनं त्याला माद्रिदला जाऊच दिलं नाही. निबंध वाटला गेला आणि विसरला गेला. नावंही तशीच होती म्हणा. रानटीपणा कोण कुणाला म्हणत नाही?

१९३९मध्ये जर्मन फौजा आल्यावर तो वॉर्सातून निसटला. लिथुआनियामार्गे स्वीडन, तिथून सोव्हिएत रशिया ओलांडून जपान आणि १९४१च्या वसंतात अमेरिका, असा अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून तो ड्यूक विद्यापीठात पोचला. सामानात जर्मनीनं जिंकलेल्या देशांत काढलेल्या फतव्यांच्या प्रती होत्या. स्वीडनमध्ये असताना त्यानं त्या चिकाटीनं गोळा केल्या होत्या. कुणाला किती शिधा द्यायचा, कुणी कुणाशी लग्न करायचं, कुणाची शाळा बंद करायची, कुणाची मालमत्ता जप्त करायची, असले कोरडे सरकारी हुकूम. सुटा सुटा वाचला तर प्रत्येक हुकूम कारभाराचा वाटतो. एकाखाली एक लावले की एक आराखडा दिसू लागतो. वंशसंहार हा बंदुकीनं सुरू होत नाही, कागदानं सुरू होतो, हे लेम्किनला तेव्हाच दिसलं होतं आणि माझ्या मते त्याचं सगळ्यांत मोठं काम हेच.

या आराखड्याला त्याला नाव हवं होतं. ऑगस्ट १९४१मध्ये चर्चिलनं रेडिओवरच्या भाषणात जर्मन अत्याचारांचं वर्णन निनावी गुन्हा असं केलं होतं. लेम्किन शब्द जुळवू लागला. त्याच्यापुढे नमुना होता तो ‘कोडॅक’चा. जॉर्ज ईस्टमननं आपल्या कॅमेऱ्यासाठी हा शब्द मुद्दाम घडवला होता: आखूड, उच्चारताना चुकणार नाही असा आणि आधीचा कुठलाही अर्थ न चिकटलेला. मानवजातीच्या सर्वांत भीषण गुन्ह्याचं नाव ठरवताना एका विद्वानानं कॅमेऱ्याच्या जाहिरातशास्त्राकडे बघावं, याचं मला कौतुक वाटतं. त्यानं ग्रीकमधला ‘गेनोस’ म्हणजे वंश, जमात आणि लॅटिनमधला मारणे या अर्थाचा प्रत्यय एकत्र केला. १९४४च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत त्याचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला; त्याच्या नवव्या प्रकरणात हा शब्द जगापुढे आला.

शब्द जन्मला पण न्यायालयात टिकला नाही. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या आरोपपत्रात तो आला, निकालपत्रात नाही. तिथे बाजी मारली ती ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ या दुसऱ्या संकल्पनेनं. ती पुढे आणणारा हर्श लाउटरपाख्ट हाही ज्यू आणि ल्वूफलाच शिकलेला. दोघांच्या विचारांत मूलभूत फरक होता. लाउटरपाख्टला वाटे की कायद्यानं माणसाला माणूस म्हणून वाचवावं. गटाला संरक्षण देऊ लागलात तर गटबाजीच पक्की कराल. लेम्किन म्हणे की मारणारा गट पाहूनच मारतो, मग कायद्यानं तो का पाहू नये? हा वाद आजही मिटलेला नाही, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही चूक म्हणवत नाही. न्यूरेंबर्गला असतानाच लेम्किनला आपल्या आईवडिलांचं आणि नात्यातल्या सुमारे पन्नास जणांचं काय झालं ते कळलं.

मग त्यानं संयुक्त राष्ट्रांचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. १९४६मध्ये आमसभेपुढे वंशसंहाराविषयीचा पहिला ठराव ज्या तीन देशांनी मांडला त्यांची नावं आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाहीत: क्युबा, पनामा आणि भारत. भारत तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित, ज्या पुढे १९६२मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. ११ डिसेंबर १९४६ला ठराव मंजूर झाला. पाठोपाठ ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये वंशसंहारविरोधी करार स्वीकारला गेला, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बरोबर आदल्या दिवशी.

या करारातली व्याख्या नीट वाचली तर सगळा गोंधळ निवळतो. राष्ट्रीयत्व, वांशिकता, वर्ण किंवा धर्म यांवर उभा असलेला एखादा गट, तो गट म्हणूनच, पूर्णपणे किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूनं केलेली पाच प्रकारची कृत्यं म्हणजे वंशसंहार. गटातल्या माणसांना ठार मारणं. त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणं. गट तगूच नये अशी परिस्थिती मुद्दाम लादणं. त्यांच्यात मुलं जन्मू नयेत असे उपाय करणं. आणि त्यांची मुलं बळजबरीनं दुसऱ्या गटाकडे सोपवणं. किती माणसं, याचा या व्याख्येत पत्ताच नाही. शेवटची दोन कृत्यं तर अशी आहेत, की एकही माणूस न मारता वंशसंहार होऊ शकतो. जन्म थांबवा, मुलं उचलून न्या, पन्नास वर्षांत त्या जमातीचं नाव घ्यायला कुणी उरणार नाही. निर्वंश या आपल्या जुन्या शापात हाच अर्थ आहे आणि म्हणूनच तो मृत्यूच्या शापापेक्षा जहरी मानला जातो.

‘तो गट म्हणूनच’ हे तीन शब्द समजायला परदेशी जायची गरज नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचं सर्पसत्र आहे. परीक्षिताला डसला तक्षक, गुन्हेगार एक. पण जनमेजयानं यज्ञ मांडला तो समस्त नागकुळ जाळण्यासाठी. ज्यांनी परीक्षिताचं नावही ऐकलं नव्हतं असे नाग, म्हातारे, पिल्लं, सगळे मंत्राच्या ओढीनं अग्नीत येऊन पडू लागले. त्यांचा दोष एकच, की ते नाग होते. शेवटी आस्तिक येऊन सत्र थांबवतो. त्याची आई नागकन्या आणि बाप ऋषी. अरुण कोलटकरांनी २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ‘सर्प सत्र’ या दीर्घ कवितेत याच कथेला हात घातला, तो उगाच नाही. सूड एकाचा, शिक्षा जातीला, हा हिशेब जिथे मांडला जातो तिथे लेम्किनच्या शब्दाचा प्रांत सुरू होतो.

पण हेतू सिद्ध कसा करायचा? मारणारे सहसा तसं लिहून देत नाहीत. इथे दोन खटले जवळून पाहण्यासारखे आहेत.

पहिला रवांडाचा. एप्रिल १९९४पासून साधारण शंभर दिवसांत तिथे अंदाजे आठ लाख माणसं मारली गेली, बहुसंख्य तुत्सी. टांझानियातल्या अरुशा इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे तबा गावाचा प्रमुख झाँ-पॉल अकायेसू उभा राहिला, तेव्हा न्यायाधीशांपुढे एक विचित्र अडचण आली. हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलतात, त्यांचे धर्म तेच, गावं तीच, आपसांत लग्नं होतात. मग तुत्सी हा वेगळा गट ठरवायचा कशावरून? उत्तर सापडलं ओळखपत्रात. १९३०च्या दशकात बेल्जियन वसाहतवाल्यांनी प्रत्येकाच्या कार्डावर तो हुतू की तुत्सी हे छापायला सुरुवात केली होती. साठ वर्षांनी रस्त्यारस्त्यावरच्या अडथळ्यांवर कोयते घेऊन उभे राहिलेले लोक तेच कार्ड मागत होते. कागदानं गट पक्का केला आणि कागद पाहूनच गळे कापले गेले. त्याआधी महिनोन्महिने रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हटलं जात होतं. २ सप्टेंबर १९९८ रोजी अकायेसू वंशसंहाराबद्दल दोषी ठरला. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं खटला चालवून या गुन्ह्याबद्दल कुणाला दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ. बलात्कार हेही वंशसंहाराचं हत्यार ठरू शकतं, हे याच निकालानं प्रथम मान्य केलं. निकाल देणाऱ्यांत नवनीतम पिल्ले होत्या, भारतीय वंशाच्या दक्षिण आफ्रिकी न्यायाधीश.

दुसरा खटला स्रेब्रेनित्साचा. बोस्नियातलं हे छोटं गाव संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलं होतं, डच सैनिक पहाऱ्याला होते. जुलै १९९५मध्ये बोस्नियन सर्ब फौजेनं ते घेतलं, बायका-मुलांना बसमध्ये घालून बाहेर पाठवलं आणि आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि पोरांना मारून टाकलं. बचाव पक्षाचा युक्तिवाद आकड्याचा होता: बोस्नियात मुस्लिम दहा लाखांहून जास्त, त्यातले आठ हजार म्हणजे किती? शिवाय बायकांना तर सोडलं, मग गट नष्ट करायचा हेतू कुठे दिसतो? हेगच्या न्यायाधिकरणानं हा युक्तिवाद फेटाळला. पुरुषप्रधान अशा त्या समाजातून दोन-तीन पिढ्यांचे सगळे पुरुष काढून घेतले की तो समाज त्या जागी पुन्हा उभा राहत नाही आणि मारणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक होतं, असं न्यायाधीशांनी म्हटलं. मारेकऱ्यांनी नंतर यंत्रं लावून प्रेतं उकरली आणि दूर दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन टाकली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या कबरींत सापडली. डीएनए जुळवून ती एकत्र करायला वर्षं लागली. प्रेतांची ही विटंबनाही न्यायालयानं हिशेबात धरली.

तरीही २००७मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं काय म्हटलं पाहा. स्रेब्रेनित्सात वंशसंहार झाला, सर्बियानं तो स्वतः केला असं सिद्ध होत नाही, पण तो रोखण्यात तो देश चुकला. बोस्नियात इतरत्र झालेल्या भयानक कत्तलींत मात्र गट नष्ट करण्याचा हेतू सिद्ध झाला नाही. बोस्नियाचा हा दावा दाखल झाला होता १९९३ साली; निकालाला १४ वर्षं लागली. गाझाविषयीचा दक्षिण आफ्रिकेचा इस्रायलविरुद्धचा किंवा रोहिंग्यांविषयीचा गांबियाचा म्यानमारविरुद्धचा दावा घेऊन जे रोज निकालाची वाट बघतात, त्यांनी ही १४ वर्षं ध्यानात ठेवावीत. आणि ‘वंशसंहार सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘काही वाईट घडलं नाही’ असा कुणी काढला, तर तो शुद्ध कांगावा समजावा. युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे हे काही किरकोळ गुन्हे नव्हेत.

व्याख्येला भोकंही आहेत. राजकीय गट तिच्यातून वगळले गेले; सोव्हिएत रशियाचा त्याला कडवा विरोध होता आणि तो एकटाही नव्हता. परिणामी कंबोडियात ख्मेर रूजनं १९७५ ते १९७९ या काळात देशातल्या दीड-दोन दशलक्ष लोकांचा बळी घेतला, पण २०१८मध्ये त्यांच्या म्होरक्यांना वंशसंहाराची शिक्षा झाली ती तिथल्या व्हिएतनामी आणि चाम मुस्लिम अल्पसंख्याकांबद्दल. मेलेल्यांत सर्वाधिक होते ख्मेर, म्हणजे मारणाऱ्यांच्याच वंशाचे, पण त्यांच्या मरणाला हा शब्द लावता आला नाही. संस्कृतीचा संहारही मसुद्यातून गळाला, आणि लेम्किनला त्याची टोचणी शेवटपर्यंत राहिली.

शब्द जड असला की तो टाळण्याची विद्याही विकसित होते. १० जून १९९४ रोजी, रवांडा पेटलेलं असताना, अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या पत्रकारांपुढे ‘वंशसंहाराची कृत्यं घडली आहेत’ एवढंच म्हणत राहिल्या. अशी किती कृत्यं झाली की वंशसंहार होतो, असं एका पत्रकारानं विचारलं. त्यावर उत्तर देणं आपल्या अधिकारात नाही, असं त्या म्हणाल्या. शब्द मान्य केला तर काहीतरी करावं लागेल, ही चिंता त्या सरकारच्या अंतर्गत टिपणांतच नोंदलेली आहे. दुसरीकडे, ऑटोमन काळात आर्मेनियनांचं जे झालं त्याला वंशसंहार म्हणायला तुर्कस्तान आजही तयार नाही.

म्हणून वार्ताहर, अनुवादक आणि समाजमाध्यमांवर हिरिरीनं लिहिणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. जेनोसाइडला वंशसंहार म्हणा, आणि तो लिहिण्याआधी आकडा विचारू नका, हेतू विचारा. माणसं कोण होती म्हणून मारली गेली, काय केलं म्हणून नव्हे, याचा पुरावा हाती असेल तर बेधडक लिहा. सरकारांच्या भिडेला बळी पडू नका. पुरावा नसेल तर हत्याकांड, कत्तल, नरसंहार हे शब्द पुरेसे भयंकर आहेत.

आणि आपलं घरचं काय? करार मान्य करणाऱ्या देशानं त्यासाठी स्वतःचा कायदा करावा, अशी करारातच अट आहे. भारतानं करारावर १९४९मध्ये सही केली आणि २७ ऑगस्ट १९५९ रोजी त्याला अंतिम मान्यता दिली. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये लेम्किन हृदयविकारानं गेला. अंत्यविधीला मोजकी माणसं होती. त्यानंतर ५९ वर्षांनी, १७ डिसेंबर २०१८ रोजी, १९८४च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या एका खटल्यात काँग्रेसचे माजी खासदार सज्जन कुमार यांना जन्मठेप देताना दिल्ली उच्च न्यायालयाला लिहावं लागलं की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे हे दोन्ही आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीनं बुजवायला हवी. १ जुलै २०२४पासून दंडविधान जाऊन नवी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातही वंशसंहाराचं कलम नाही.